दहावं कार्ड

प्रिय लेकी,

तुझं पत्र काल मिळालं. एकाच माणसाची नऊ पोस्टकार्डं आली, शेवटच्यावर ‘उत्तर का देत नाहीस?’ असं लिहिलंय, आणि तुला काळजी कसली, तर आपण उद्धट ठरू की काय याची. रात्रभर तेच डोक्यात होतं. पंधरा वर्षांपूर्वी मीही नेमकी इथेच अडखळले होते.

आधी देण्याघेण्याचा हिशेब. २००५ साली एका पोर्तुगीज तरुणाने पोस्टक्रॉसिंग, म्हणजे अनोळखी लोकांनी एकमेकांना पोस्टकार्डं पाठवायचं हे संकेतस्थळ, सुरू केलं, तेव्हापासून यातला व्यवहार एका कार्डाचा आहे. तुझा पत्ता त्याला चिठ्ठी निघावी तसा मिळाला. त्याने संकेतस्थळाने दिलेला क्रमांक घालून कार्ड पाठवलं, तू तो क्रमांक तिथे नोंदवून आभार मानलेस. तिथे ते मिटलं. त्याला उलट कार्ड पाठवणंही तुझ्याकडे लागत नव्हतं. तुझं कार्ड जातं तिसऱ्याच कुणाला. आता ती कार्डं पुन्हा काढून बघ. पहिलं सोडलं तर बाकीच्या आठांवर क्रमांक नसेल. आणि तू म्हणतेस तसा प्रत्येकावर त्याचा पूर्ण पत्ता आहे. रीतसर कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतच नाही. तो लिहितोय तो तुझ्याकडून पत्र यावं म्हणून. ती आठ कार्डं त्याने स्वतःच्या मर्जीने टाकली. तुझ्यावर त्यांचं काही ऋण नाही.

मी तेव्हा तिसऱ्या कार्डाला ‘छान आहे, धन्यवाद’ असं उत्तर दिलं होतं. माझ्या लेखी तो शिष्टाचार, त्याच्या लेखी होकार. मग पाकिटं यायला लागली. पोस्टमनकाका फाटकाशी थांबले की पोटात गोळा यायचा. ज्या सायकलच्या घंटेसाठी मी दुपारभर कान लावून बसायची, तिचीच धास्ती वाटू लागली. सात-आठ महिने मी एकही कार्ड लिहिलं नाही. ते अजून सलतं, म्हणून तुला एवढं लांबण लावून सांगतेय.

एकदाच, स्पष्ट लिही: ‘मला तुमची कार्डं नको आहेत. यापुढे पाठवू नका.’ हे पोस्टाने नको, पोस्टक्रॉसिंगच्या निरोपातून पाठव, म्हणजे तारखेसकट नोंद राहील. कारण देऊ नकोस. परीक्षा आहे म्हटलंस तर ती कधी संपते ते तो विचारेल. त्यानंतर पूर्ण गप्प राहायचं, दहावं कार्ड आलं तरी आणि त्यात माफी मागितली असली तरी. या ‘नको’ला कायद्यातही वजन आहे: बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही एखादा पुरुष जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा होतो.

कार्डं फाडू नकोस, कितीही किळस आली तरी. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख हाच पुरावा. पोस्टमनकाकांना सांगून ठेव; त्याचं टपाल तू दारातच नाकारू शकतेस, ते ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत पाठवतात. पोस्टक्रॉसिंगच्या चालकांनाही कळव. पुढेमागे मोठ्या पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने घेता आला तर बघ, घरचा पत्ता अनोळखी हातात जायचा नाही. आणि आईला आजच सांग. ती छंद बंद करायला लावेल अशी भीती वाटत असेल तर मी तिच्याशी बोलते. त्याने कधी ‘भेटायला येतो’ असं लिहिलं, धमकी दिली किंवा तो घराजवळ दिसला, तर माझ्या पत्राची वाट बघत बसू नकोस, सरळ ११२ लाव.

फिनलंडहून आलेलं ते बर्फातल्या घराचं कार्ड या सगळ्या गोंधळात नोंदवायचं राहिलं, असं तू शेवटी लिहिलंयस. ते आज नोंदव. पाठवणारी वाट बघत असेल.

तुझी,
मावशी