खडी क्रशरवरच्या लोडरला वजन यंत्रणा बसवली तर वजनकाट्याची गरज संपते का?

काट्याची गरज संपत नाही. तरीही यंत्रणा बसवा, असंच मी सांगेन. एका क्रशरवर लोडिंग आणि काटा दोन्ही माझ्याकडे आहेत, म्हणून अनुभवाचं लिहितो.

आधी कायद्याचं. माल वजनावर विकायचा तर ज्या काट्याची पावती देता, त्याची वैध मापन शास्त्र विभागाकडून पडताळणी होऊन शिक्का बसलेला हवा. ‘आता काटा काढून टाका’ असं ही यंत्रणा विकणाऱ्या एकाने आम्हाला सांगितलं होतं. पण लोडरवरच्या, शिक्का नसलेल्या आकड्यावर बिल करायला लागलात तर अडचणीत याल.

खरा फायदा होतो तो शेवटच्या बकेटला. समजा, दहाचाकी हायवाचं (डंपरचं) पासिंग, म्हणजे मालासकट परवानगी असलेलं वजन, 28 टन आहे आणि गाडी रिकामी 11 टन भरते. म्हणजे माल बसतो 17 टन. तीन घनमीटरच्या बकेटमध्ये 20 एमएम खडी साधारण साडेचार टन येते. तीन बकेटला साडेतेरा होतात, चौथी पूर्ण टाकली की 18. चौथी साडेतीन टनांचीच हवी, आणि हे नुसत्या नजरेने कितीही मुरलेल्या ऑपरेटरला रोज जमत नाही. पूर्वी आमच्या गाड्या काट्यावरून परत ढिगाकडे यायच्या, एक टन उतरवायला. तसंच रस्त्यावर सोडलं आणि पकडलं, तर 2019 पासून दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000. आता कॅबिनमध्ये आकडा दिसतो, ऑपरेटर बकेट थोडी झटकून जास्तीचा माल ढिगावरच सोडतो. पावसाळ्यात याची किंमत जास्त कळते. ओला क्रश सँड ब्रासच्या (100 घनफूट, म्हणजे आकारमानाच्या) अंदाजाने भरला की वजन हमखास चुकतं.

यंत्रणा वजन ओळखते ते बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबावरून. बूम ठरावीक उंचीवरून जाताना दाब मोजला जातो. म्हणूनच ऑपरेटरची सवय महत्त्वाची. बूम एकाच वेगाने, धक्का न देता उचलायचा, मशीन सपाट जागेवर हवं आणि बकेट पूर्ण आत वळवलेली. सकाळी तेल थंड असताना आकडा वेगळा येतो, त्यामुळे आधी चार-सहा वेळा बूम वर-खाली करून घ्या. बकेटला चिखल चिकटला तर रिकाम्या बकेटवर पुन्हा शून्य करा. पिनांना ग्रीस नसेल तर तेवढ्यानेही फरक पडतो. एवढं पाळलं तर काट्याशी एक टक्क्याच्या आसपास जुळतं. आम्ही रोज एका गाडीच्या सगळ्या बकेटांची बेरीज काट्याच्या निव्वळ वजनाशी ताडून पाहतो. फरक सतत एकाच बाजूला जायला लागला की कॅलिब्रेशन करून घेतो.

पोकलेनचं गणित अवघड आहे. माल तेवढाच असला तरी हात लांब केला की दाब बदलतो, म्हणून बूम, आर्म, बकेट प्रत्येकावर कोन मोजणारे सेन्सर लागतात, आणि ते करूनही लोडरइतकी खात्री मला वाटत नाही. खाणीत दिवसभरात किती दगड निघाला याचा अंदाज घ्यायला ठीक आहे.

घेण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच लोडरवर, तुमच्याच ऑपरेटरकडून दहा गाड्या भरून दाखवायला सांगा आणि प्रत्येक गाडी तुमच्या काट्यावर घ्या. दहाही पावत्या जवळ ठेवा, पैसे त्यानंतर.