बाळ रडलं की आधी आईकडे द्या

"मला चालताना कुबडी लागते. मग मी बाळाला कशी सांभाळणार?" मी समुपदेशक आहे. पाय अधू असलेल्या बहुतेक गरोदर बायका माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. खरं तर तो आधी नातेवाइकांनी विचारलेला असतो. ऐकून ऐकून तो तिचाच होऊन जातो, आणि रात्री कूस बदलताना ती तो स्वतःला विचारू लागते. उत्तर सरळ आहे : सांभाळता येतं. पण बाळ सांभाळणं एकट्या आईच्या हातात नसतं, घरातली माणसं काय करतात यावरही ते ठरतं. त्यासाठी एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राजापूर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. रस्ता वर आणि घर खाली, मध्ये चिऱ्यांची पाखाडी. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर असं शेवाळ धरतं की धडधाकट माणूसही हात टेकत उतरतो. तान्ही असताना तिला पोलिओ झाला. उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा, आणि काखेत एक कुबडी. घरी शिवणकाम करायची, गावातले निम्मे ब्लाऊज तिच्याच मशीनवरचे. नवरा मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. पाचव्या महिन्यात आशाताई तिला माझ्याकडे घेऊन आल्या, कारण तिला झोप लागत नव्हती.

पहिली भीती तिने खालमानेनेच सांगितली. बाळाचाही पाय असाच असेल का? आणि पाठोपाठ, हे मागच्या जन्मीचं पाप असेल तर ते पोरापर्यंत जाईल का?

इथे मी आडपडदा ठेवत नाही. पोलिओ विषाणूमुळे होतो. दूषित पाणी, अन्न, हात यांतून तो तोंडावाटे शरीरात जातो आणि मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींवर घाला घालतो. तो आईकडून पोटातल्या बाळाला वारशाने मिळत नाही. भारतात निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया प्रदेशाला पोलिओमुक्त जाहीर केलं. हे कशाने झालं? घरोघरी जाऊन पाजलेल्या थेंबांनी. थेंबांनी जो थांबतो तो आजार पापाचा कसा असेल, असं मी तिला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. (सगळ्याच अपंगत्वांना मात्र हे लागू नाही. स्नायूंचे काही आजार घराण्यात उतरतात. पाठीच्या कण्याचा जन्मदोष असेल तर फॉलिक ॲसिडची मात्रा दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवावी लागते. म्हणून आपलं निदान नेमकं काय आहे, ते कागदावर माहीत असावं.)

कोणा नातेवाइकाने तिला "मोकळी हो", म्हणजे गर्भ पाड, असंही सुचवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय तिचा गर्भपात करणं किंवा करवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अति तीव्र अपंगत्वासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण ती हिच्यासाठी नव्हती. हे कळल्यावर तिचा आवाजच बदलला.

गरोदरपणाचं फार सांगत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, ती तिने चुकवली नाही. पायाला सूज आल्यावर कॅलिपर पुन्हा मापाचं करून घेतलं. पोट वाढलं की तोल बदलतो, म्हणून शेवटचे महिने ती वरच्या रस्त्यालगत, मावशीकडे राहिली. पोलिओने कंबर आणि पाठीचा कणा तिरपा झालेला असू शकतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटून आली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप.

खरं अवघड पुढे होतं.

दोन महिन्यांनी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, मी फक्त दूध पाजण्यापुरती आहे." बाळ कुरकुरलं की सासूबाई किंवा जाऊबाई धावत येऊन त्याला उचलायच्या. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. पण हिने कुबडी काखेत घेईपर्यंत बाळ दुसऱ्याच्या खांद्यावर शांत झालेलं असायचं. रोज असं झालं तर बाळालाही तोच खांदा ओळखीचा होतो आणि आई आपोआप मागे सरकते. अशा घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी मला कळवळून येतं, कारण इथे आईपण हिरावून घेतलं जातं ते मायेपोटीच.

मी सासूबाईंशी त्यांच्या पडवीत बसून बोलले. त्या म्हणाल्या, "पोर रडला की माझा जीव ऱ्हात नाय. हिचा पाय घसारला तर दोघांना मी एकटी कशी सावरू?" भीती खरी होती. सून पाखाडीवर एकदा पडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांना मी एकच गोष्ट मागितली. बाळ रडलं की तुम्हीच उचला, पण आधी तिच्या मांडीवर आणून द्या. ती म्हणाली घ्या, तरच घ्या.

मदत आईला करायची. बाळाला तिच्यापासून दूर नेलं तर ती मदत होत नाही. दिव्यांग आईच्या घरच्यांना मी सांगते ते एवढंच, बाकी सगळी घराची मांडामांड.

ती मांडामांडही सांगते, कारण लोक ती विचारतात. एक हात कुबडीला जातो, म्हणून बाळाला कडेवर घेऊन चालायचं नाही हे पक्कं ठरवलं. माजघरातच जमिनीवर जाड गोधडी घालून बाळाचं सगळं तिथे आणलं : लंगोट, दुपटी, तेल, पाण्याची बाटली. गावच्या सुताराने खाटेच्या उंचीचा, एक बाजू उघडणारा पाळणा करून दिला. रात्री उठून उभं राहायला नको, बाळाला नुसतं जवळ ओढून घ्यायचं. आमच्याकडे बाळाला लांब केलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, ते तिला जमणारं नव्हतं. तेल ती बसून लावायची आणि टबातल्या पाण्यात त्याला हाताने धरून न्हाऊ घालायची. पाणी आणून द्यायच्या जाऊबाई.

मूल रांगू लागल्यावर दुसरी भीती आली. तो धावला तर मी पकडणार कशी? अंगणापलीकडे विहीर होती. पडवीला बांबूचं छोटं फाटक बसलं आणि विहिरीवर लोखंडी जाळी. बाळाच्या पायांत घुंगराचे वाळे घातले, म्हणजे ते कुठे आहे ते ऐकू यायचं. आणि "थांब" म्हटलं की थांबायचं, हा खेळ ती रोज खेळायची, थांबलं की जवळ घेऊन पापा. वर्षभरात ते पोर आईने हात पसरले की स्वतःच येऊन तिच्या गळ्याला घट्ट धरायला शिकलं. तिला त्याला उचलावं लागत नसे, तोच चढायचा.

देवाचं राहिलं. बाळंतपणाआधी सासूबाईंनी ग्रामदेवीला नवस बोलला होता : सगळं नीट झालं तर सून स्वतः देवळात चालत येऊन ओटी भरील. देऊळ टेकावर, पायऱ्या उंच आणि कठडा नाही. नवस राहिला तर पोराला काही होईल या धास्तीने सासूबाई खंगत होत्या. आणि हिचं देवळात जाणंच कधीचं सुटलं होतं. मी विचारलं, तू देवीशी काय बोलतेस? म्हणाली, "मी बोलतच नाही. चतुर्थीला गाऱ्हाणं घालताना मोठे काका दर वर्षी माझ्या पायाला बळ मागतात आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. पायाचं मी कधीच मागितलं नाही." मग काय मागशील? "पाखाडी उतरताना भीती वाटू नये. आणि पोरगा रडला की माझ्याकडे यावा."

श्रद्धेच्या बाबतीत निवाडा करणं हे समुपदेशकाचं काम नाही, असं मला मनापासून वाटतं. मी फक्त म्हटलं, हे काकांना सांग. त्या चतुर्थीला काकांनी गाऱ्हाण्यात तिचे शब्द घातले. नवसाबद्दल घरच्यांनी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, शिमग्यात पालखी घरोघर जाते, ती तुमच्याही अंगणात येईल, तेव्हाच ओटी भरा, देवीला मी सांगेन. तिने पडवीच्या जोत्यावर बसून ओटी भरली, मुलगा मांडीवर. सासूबाईंच्या मनावरचं ओझं त्या दिवशी उतरलं.

आता प्रश्न अंगणवाडीचा आहे. दारात तीन उंच पायऱ्या, धरायला काही नाही, त्यामुळे ती मुलाला आत सोडायला जाऊ शकत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना जाता येईल अशी सोय करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. उतार आणि कठडा मागणारा अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिला आहे आणि त्याची पोच घेऊन ठेवली आहे. पुढच्या ग्रामसभेला ती जाणार आहे. मुलाला त्या वेळी सासूबाई बघतील, तसं तिनेच त्यांना सांगून ठेवलं आहे.