रेवाला काढू नकोस

प्रिय मैत्रिणीच्या लेकी,

शेरलॉक होम्सच्या जगात तू स्वतःची रेवा आणून लिहिलेली कथा परवा गाडीत वाचली. दादरला स्लो पकडली, खिडकी मिळाली, कागद काढले आणि भांडुप कधी गेलं ते कळलंच नाही. मुलुंडला धावत उतरले. घरी आल्यावर पाकिटातली तुझी चिठ्ठी सापडली. तू लिहिलं आहेस, "मावशी, सगळे रेवाला मेरी सू म्हणतात. होम्सच्या कथेत ही कुठून घुसली, असं विचारतात. मी तिला काढून टाकते. होम्स आणि वॉटसनच ठेवते."

काढू नकोस. आत्ता आहे तशीही ठेवू नकोस. पण काढू नकोस.

ज्या नावाने तुला टोचलं, ते कुठून आलं हे आधी सांगते. १९७३ साली अमेरिकेत पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या एका हौशी अंकात एक चिमुकली कथा लिहिली. नायिका लेफ्टनंट मेरी सू. वय साडेपंधरा, अख्ख्या ताफ्यात सगळ्यात लहान अधिकारी. जहाजाचा कप्तान तिच्या प्रेमात पडतो, ती सगळ्यांना वाचवते, शेवटी मरते आणि झाडून सगळे रडतात. ही कथा म्हणजे विडंबन होतं. त्या काळात चाहत्यांच्या अंकांकडे अशा मुलींच्या कथांचा ढीग येत असे, त्याला कंटाळून लिहिलेलं. एका ठरावीक दोषावर बोट ठेवण्यासाठी ते नाव जन्माला आलं. पुढे झालं असं, की दोष मागे पडला आणि नाव कुठल्याही नव्या बाईपात्राला चिकटवायची पट्टी होऊन बसलं. आता लेखकाने स्वतःची मुलगी कथेत आणली की लोक तिचा दोष बघायलाही थांबत नाहीत.

याचा मला राग येतो, आणि तो तुझ्यापाशी लपवणार नाही. होम्सकडेच बघ. व्हायोलिन उत्तम वाजवतो, मुष्टियुद्ध येतं, तलवार येते, काठी फिरवता येते, रसायनशास्त्रात मुरलेला आहे, राखेवरून तंबाखू ओळखतो. हेच सगळं गिरगावातल्या मुलीला येतं म्हटलं असतं तर पहिल्याच पानावर तिची रेवडी उडवली असती. पुरुष पात्रांसाठीही 'गॅरी स्टू' असं नाव आहे म्हणे. ते तू किती वेळा ऐकलंस?

परक्याच्या जगात आपलं माणूस नेणं यात चोरटं काही नाही. आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी रामायणाचं हेच केलं. सीतेचा सासुरवास गाताना त्यांनी त्यात आपली सासू आणली, आपलं माहेर आणलं, वाटेवर भेटणारी बाई आणली. जात्यावरच्या सगळ्या मिळून लाखभर ओव्या संशोधकांनी गावोगाव फिरून जमवल्या आहेत. त्या बायकांना कुणी विचारलं नाही, की ही तुमची बाई वाल्मीकीत कुठे आहे.

तरीही तुझ्या वाचकांचं चुकलंच असं मी म्हणणार नाही. कारण सांगते.

मी सातवीत असताना 'फास्टर फेणे'ची एक गोष्ट लिहिली होती. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा आमच्या चाळीत सगळ्यांचा लाडका होता. माझ्या गोष्टीत एक मुलगी होती, आमच्याच चाळीतली, अर्थात मीच. रफ वहीची चाळीस पानं भरली. वर्गातल्या एका शिक्षकांच्या हाती ती वही लागली आणि त्यांनी त्यातलं एक पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. घरी येऊन मी ती चाळीस पानं फाडली आणि बंबात घातली. पुढे कितीतरी वर्षं काही लिहिलं नाही. त्या दुपारबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. वाचून दाखवायचं होतं तर आधी मला विचारायला हवं होतं.

पण ते पान मला अजून पाठ आहे, आणि इतक्या वर्षांनी दिसतं की त्यात खरंच एक चूक होती. माझी ती मुलगी धाडसी होती, ही चूक नव्हती. त्या पानावर फास्टर फेणेला काही कामच नव्हतं. सायकल तिने दुरुस्त केली, चोर तिने पकडला, आणि तो बाजूला उभा राहून चार वेळा 'ट्टॉक्' म्हणाला. ज्याच्यावर माझा एवढा जीव, त्यालाच मी बावळट करून ठेवलं होतं. हे मला त्या वयात कुणी शांतपणे सांगितलं असतं, तर वही बचावली असती. म्हणून तुला सांगते आहे.

वाचक तुझ्याकडे होम्सला भेटायला येतो. घरात पाहुणी आली याचं त्याला वाईट वाटत नाही. पाहुणी आल्यापासून घरचं माणूस घुम्यासारखं कोपऱ्यात बसलं, याचं वाईट वाटतं. तेव्हा नव्या पात्राची परीक्षा करायची तर त्याच्याकडे बघू नकोस. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जुन्या पात्रांकडे बघ. ती खुजी झाली का?

आता तुझं चौदावं पान उघड. रेवा होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या घराच्या जिन्यावर पडलेली राख बघते आणि तंबाखूचं नाव सांगते. होम्स टाळ्या वाजवतो. वॉटसन "विलक्षण!" म्हणतो. म्हणजे होम्सचं काम रेवाने केलं, वॉटसनचं होम्सने केलं आणि वॉटसनला काहीच उरलं नाही. माझ्या वहीतलंच पान हे.

होम्सचा लेखक कॉनन डॉइल, त्याने स्वतः हा पेच कसा सोडवला ते बघ. १८९३ साली, सहा वर्षं होम्सच्या गोष्टी लिहून झाल्यावर, त्याने अचानक एक थोरला भाऊ आणला. तोवर वॉटसनची समजूत होती की होम्सला जवळचं कुणीच नाही. आणि हा मायक्रॉफ्ट नुसता भाऊ नाही, होम्सपेक्षाही हुशार. एखाद्या चाहत्याने असा भाऊ आणला असता तर त्याला फाडून खाल्लं असतं! मग मायक्रॉफ्ट आपल्याला खुपत का नाही? तो खुर्चीतून उठत नाही म्हणून. आपलं उत्तर बरोबर आहे हे सिद्ध करायला चार पावलं चालावं लागणार असेल, तर लोकांनी चूक म्हटलेलं त्याला चालतं. त्याची बुद्धी मोठी, पण धावपळ करायला होम्सच लागतो. दोघांची जागा शाबूत राहिली.

आयरीन अ‍ॅडलरचं त्याहून बारकाईने वाच. १८९१ची गोष्ट, आणि ती प्रत्यक्ष भेटते त्या एकाच गोष्टीत. ती होम्सला हरवते. पण डॉइलने त्यासाठी होम्सला मूर्ख केलेलं नाही. त्याचा डाव चोख आहे. पाद्र्याचं सोंग, वॉटसनने खिडकीतून टाकलेला धूर, आग लागली असं वाटून तिने लपवलेल्या फोटोकडे घेतलेली धाव. फोटो कुठे आहे हे त्याला कळलेलं असतं. तो जिंकलेलाच असतो. एवढंच, की तिने त्याला ओळखलेलं असतं आणि पुरुषी वेषात ती त्याच्या दारापर्यंत मागोमाग जाऊन खात्री करून घेते. सकाळी तो पोहोचतो तेव्हा ती फोटोसकट निघून गेलेली असते. हरताना होम्स जितका मोठा, तितकी जिंकणारी बाई मोठी. हे वाक्य मी फास्टर फेणेला मुकून शिकले आहे.

मग रेवाला काय द्यायचं? होम्सकडे नाही ते दे. आणि ते तुझ्या हातात आहे, तुला दिसलेलं नाही एवढंच. तू तिला मुंबईहून लंडनला डॉक्टरकी शिकायला पाठवलंस, हे मला फार आवडलं, कारण ते हवेतलं नाही. रखमाबाई १८८९ साली इथून गेल्या, लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्याआधी, लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा मुंबई हायकोर्टाचा हुकूम १८८७ साली त्यांच्यावर झाला होता, आणि त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. त्या काळातली मुलगी समुद्र ओलांडते ती होम्सची शाबासकी मिळवायला नाही. परीक्षेची तारीख, घरून येणारे पैसे, थंडी, तिथलं अळणी जेवण, परतल्यावर जातवाले काय म्हणतील याची धास्ती, हे सगळं रेवाच्या डोक्यात हवं. होम्सचं प्रकरण तिच्या वाटेत आडवं यायला हवं. अभ्यासाची एक रात्र गेली म्हणून ती त्याच्यावर चिडली, तर ती मला लगेच खरी वाटेल.

आणि तंबाखूऐवजी तिला मोडी दे. त्या काळात मराठी माणसाचं रोजचं लिहिणं मोडीत असे. हिशेब, पत्रं, दस्तऐवज, सगळं. आजोबांच्या पेढीवर बसून ती ते वाचायला शिकली असेल. एका मेलेल्या खलाशाच्या खिशात मोडीतली चिठ्ठी सापडते. होम्सला कागद कळेल, शाई कळेल, लिहिणाऱ्याचा हात थरथरत होता हे कळेल. अक्षर कळणार नाही. तिथे रेवा लागते, आणि तिच्या हुशारीमुळे नाही, ती कुठून आली आहे त्यामुळे लागते.

तिथेही तिला चुकू दे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, शब्द तोडत नाहीत. चिठ्ठीत आहे, "सुत बोटीने येत आहे." रेवा मुंबईची, गिरण्यांच्या गावची. ती 'सूत' वाचते. कापसाच्या गाठी शोधण्यात होम्सचा एक अख्खा दिवस जातो. खरं तर येत असतो मुलगा, 'सुत'. साध्या पत्रात मुलाला कुणी सुत लिहीत नाही हे खरं, पण लिहिणाऱ्याला दडवायचंच असेल तर? ही चूक रेवाला मध्यरात्री, शरीरशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवून बसलेली असताना कळते. मला तो प्रसंग वाचायचा आहे. धुक्यातून ती बेकर स्ट्रीटला कशी जाते आणि दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलते.

वॉटसनलाही विसरू नकोस. पहिल्याच कादंबरीत तो सांगतो, की अफगाण युद्धावर निघाला तेव्हा तो मुंबईला उतरला होता. एका वाक्यात मुंबई संपते आणि पुढे मैवंदच्या लढाईत तो जखमी होतो. त्याने इथे काय पाहिलं हे डॉइलने सांगितलेलं नाही. तो डॉक्टर, ही डॉक्टर होऊ पाहणारी. रेवाशी पहिलं खरं बोलणं त्याचंच व्हायला हवं, होम्सचं नाही.

आता बारीकसारीक. तुझी कथा १८९२ सालची आहे. त्या वर्षी होम्स लंडनमध्ये नाही. मे १८९१ ते १८९४चा वसंत, जगाच्या लेखी तो मेलेला. जाणकार वाचक तिथेच थांबेल. १८९० कर. त्या वर्षातल्या फक्त तीन प्रकरणांची नोंद आपल्याकडे आहे, असं वॉटसनने स्वतः लिहून ठेवलं आहे. चौथं तुझं. कथेच्या वर स्पष्ट लिही, की यात माझं स्वतःचं मुख्य पात्र आहे. ज्यांना नको ते पुढे जातील, आणि त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. रेवाच्या डोळ्यांचं वर्णन तीनदा आलं आहे, एकदा पुरे. प्रेमाचं प्रकरण राहू दे की जाऊ दे, ते तू ठरव. मला तिथे घाई झालेली वाटली.

आणि बोट सुटताना रेवा मागे वळून गेटवेकडे बघते, ते बदल. गेटवे १९२४ साली पुरं झालं. अपोलो बंदर लिही.

नवा खर्डा झाला की घरी ये. माझ्याकडे मोडीची बाराखडी आहे, 'सुत' कसं दिसतं ते तुला लिहून दाखवते.

तुझी,
मावशी