न वाचलेलं लिहू नकोस

प्रिय,

परवा फोनवर तुझा आवाज कापत होता. गाइडनी तुझ्या प्रबंधातलं, आधीच्या अभ्यासांच्या आढाव्याचं प्रकरण परत केलं, "संदर्भ कमी आहेत" म्हणाले, आणि तू एका रात्रीत बावीस नावं वाढवलीस. आता त्र्याऐंशी झालीत. यातलं तू स्वतः, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, किती वाचलंस? मला सांगू नकोस, वहीत लिहून ठेव.

रोजगार हमी योजनेचा विषय तू जीव लावून निवडलास, म्हणूनच मला राग आला. तुझ्या एकाच पानावर दोन वाक्यं आहेत: दांडेकर आणि साठे (1980) यांनी मजुरांचा अभ्यास केला, हेरिंग आणि एडवर्ड्स (1983) यांनी वर्गीय हितसंबंधांचा केला. पूर्णविराम. अगं, या दोन लेखांचं भांडण कुठे आहे? पहिल्यात कामावर कोण येतं ते पाहिलंय. दुसऱ्यात विचारलंय की या कामांतून जे उभं राहतं, त्याचा फायदा कुणाच्या पदरात पडतो. भूमिहीन बाई पाझर तलावावर माती वाहते आणि पाणी उतरतं बागायतदाराच्या विहिरीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुझा प्रश्न नेमका त्या फटीत आहे. पण ती फट सारांश वाचून दिसत नाही. मूळ लेखच वाचावा लागतो.

माझं सांगते. माझ्या प्रबंधात मजुरांच्या उपस्थितीचा एक आकडा होता. तो मी एका लेखाच्या तळटीपेतून उचलला आणि संदर्भ दिला थेट मूळ सरकारी अहवालाचा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हा अहवाल कुठे पाहिलात?" मी एका ग्रंथालयाचं नाव सांगितलं. खोटं बोलले. पदवी मिळाली. काही वर्षांनी तो अहवाल खरंच हाती आला. आकडा मनुष्यदिवसांचा होता, मी माणसं लिहिली होती. पंचवीस दिवस राबलेल्या एका बाईची मी पंचवीस माणसं केली होती. तोवर तो आकडा माझ्या प्रबंधातून आणखी दोन प्रबंधांत गेला होता.

तेव्हापासून माझा हट्ट एकच: न वाचलेलं लिहायचं नाही. या हट्टापायी दोन विद्यार्थी मला सोडून दुसऱ्या गाइडकडे गेले. माझ्या हाताखाली पीएचडी कमी झाल्या, असं विभागात बोललं जायचं. बोलोत. जे राहिले त्यांचा एकही संदर्भ कुणी उघडून पाहिला तर त्यांना मान खाली घालावी लागणार नाही. मी चुकले असं मला आजही वाटत नाही.

चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं, असं तू समाधानानं म्हणालीस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनी तेवढी मुभा दिली आहे, ठीक. पण ते सॉफ्टवेअर उसनी वाक्यं पकडतं, उसनं वाचन नाही.

आणखी एक. 1988 नंतर मजूर घटले म्हणजे गरज घटली, असं तू सरळ लिहून टाकलंस. त्या वर्षी किमान वेतन दुप्पट झालं होतं. मग कामं मागूनही मिळेनाशी झाली का, हमी पातळ झाली का, हाच प्रश्न रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी यांनी 1993 मध्ये तपासला. तुझ्या यादीत त्यांचा लेख एकोणपन्नासावा आहे. तो वाचला असतास तर हे वाक्य तुझ्या हातून लिहिलंच गेलं नसतं.

गाइडना माझं नाव सांग हवं तर. न वाचलेलं सगळं काढ. पंचवीस उरले तर पंचवीस. प्रत्येकावर अर्धं पान, तुझ्या शब्दांत: काय विचारलं, कुठे पाहिलं, काय मोजलं. दिवस मोजले की माणसं, हे आधी बघ.

1980 च्या लेखाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत. रविवारी सकाळी ये. जेवूनच जा. लॅपटॉप आणू नकोस, वही आण.

तुझी,
बाई