विमानात पिण्याचं पाणी कसं पोचतं? पाइप आणि व्हॉल्व्ह घरातल्यासारखेच असतात का, आणि ते पाणी प्यावं का?

मी विमान देखभालीत काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. विमानात पाणी नळापर्यंत पोचवणं तसं सोपं आहे. कस लागतो तो सगळं पाणी पुन्हा काढून टाकता येईल अशी जोडणी करण्यात.

एअरबस ए३२० घ्या, भारतात हे विमान सर्रास दिसतं. त्यात २०० लिटरची टाकी पुढच्या सामानकक्षाच्या मागे, प्रवाशांच्या पायांखाली असते. घरी टाकी गच्चीवर असते आणि पाणी आपसूक खाली येतं. इथे टाकी खाली आणि नळ वर, म्हणून इंजिनातून किंवा शेपटीतल्या सहायक इंजिनातून घेतलेल्या हवेने टाकीवर दाब देतात. रेग्युलेटर तो दाब साधारण २५ पीएसआयवर (दर चौरस इंचाला २५ पौंड) आणतो. त्यानेच दगा दिला तर टाकी वाचवायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, आणि पाणी हवेच्या लाइनीत उलटं शिरू नये म्हणून चेक व्हॉल्व्ह. टॉयलेट आणि गॅलीला, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराला, वेगवेगळे शटऑफ व्हॉल्व्ह असतात. एक नळ गळला तर तेवढीच शाखा बंद करायची, उड्डाण अडत नाही.

आता थंडी. ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास तापमान असतं. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि फिटिंगला तडा जातो. गंमत अशी की गळती तेव्हा दिसतच नाही. विमान उतरून बर्फ वितळला की मगच पाणी टपकायला लागतं. म्हणून बाहेरच्या पत्र्याजवळून जाणाऱ्या पाइपांना विजेचे हीटर लावतात. बेसिनचं पाणी विमानाच्या पोटाखालच्या ज्या ड्रेन मास्टमधून, म्हणजे बाहेर डोकावणाऱ्या नळीतून, हवेत सोडतात, तोही तापवलेला असतो. शौचालयाचा मैला मात्र वेगळ्या टाकीत जातो.

रिकामं करण्याचा मुद्दा इथेच येतो. पाइप उतार ठेवून बसवतात आणि सखल जागी ड्रेन व्हॉल्व्ह देतात. एखादा क्लॅम्प सैल होऊन पाइप झोळासारखा लोंबला, की तिथे पाणी साचून राहतं. कडाक्याच्या थंडीत रात्रभर उभ्या विमानात ते गोठतं, आणि उबदार जागी त्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन घालून लाइन धुतली तरी तो थर सहज सुटत नाही. मी तपासताना व्हॉल्व्हआधी उतारच बघतो.

हे भय पोकळ नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ३२७ विमानांचं पाणी तपासलं, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत कोलिफॉर्म जंतू (पाणी दूषित असू शकतं याची खूण) सापडले. २००९ मध्ये तिथे खास नियम आला: वर्षातून चारदा निर्जंतुकीकरण केलं तर पाण्याचा नमुना वर्षातून एकदा तपासायचा, एकदाच किंवा त्याहून कमी केलं तर दरमहा. पाणी भरणारी गाडी आणि नळीचं तोंडही तितकंच स्वच्छ हवं. पाणी भरणाऱ्या माणसाने त्याच पाळीत शौचालयाची टाकी हाताळू नये, हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम आहे.

तुम्ही काय करावं? टॉयलेटच्या नळाचं पाणी पिऊ नका, दातही त्याने घासू नका. बाळाचं दूध कालवायला तर सीलबंद बाटलीच मागा. गॅलीतला चहा-कॉफी मी स्वतः घेतो, कारण तिथलं पाणी बहुतेक वेळा फिल्टरमधून येतं आणि चांगलं तापतं. पण पोट नाजूक असेल, तर तिथेही बाटलीच बरी.