सही माझी, कर्ज साडूंचे

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या साडूंनी मालवाहतुकीचा टेम्पो घेण्यासाठी एका पतसंस्थेकडून सहा लाखांचे कर्ज काढले, तेव्हा मी आणि त्यांचे एक मित्र जामीनदार राहिलो. “ही केवळ औपचारिकता आहे,” असे त्या वेळी सर्वांनीच सांगितले. वर्षभराने हप्ते थांबले. साडूंनी टेम्पोही विकल्याचे आता कानावर येते. संस्थेने इतके दिवस त्यांच्याकडे तगादा लावला नाही आणि आता मात्र मला नोटीस पाठवून पगारातून कपातीची तंबी दिली आहे. धाकट्या बहिणीसाठी पत्नीने गळ घातली म्हणून मी सही केली, ती म्हणते, “तुम्ही नाही म्हणायचे होते.” घरात रोज वाद होतात. यात दोष नेमका कोणाचा, आणि मी का भरावे? मुलाच्या शैक्षणिक कर्जात सहकर्जदार म्हणून माझे नाव लावायचे आहे, त्यावर याचा परिणाम होईल का?

उत्तर : आपल्या पत्रात तिघांवर ठपका आहे: साडूंवर, संस्थेवर आणि पत्नीवर. पहिला पूर्णपणे रास्त आहे, दुसरा काही अंशी, आणि तिसरा मला पटत नाही. परंतु दोष कोणाचा आणि पैसे कोणी भरायचे, हे दोन प्रश्न आपण एकत्र केले आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जदाराइतकेच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विकून पाहा आणि मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात, तसे केल्यास जामिनाचा हेतूच विफल होईल, अशी भूमिका घेतली. संस्थेने तगादा लावला नाही ही तिची ढिलाई खरीच, पण नुसत्या ढिलाईने जामीनदार मोकळा होत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १३७ मध्ये स्पष्ट आहे.

मात्र संस्थेची एक चूक आपल्या उपयोगाची ठरू शकते, आणि तिचा उल्लेख आपण जाता जाता एका वाक्यात केला आहे. टेम्पो कर्जातून घेतलेला असेल तर तो बहुधा संस्थेकडे नजरगहाण, म्हणजे ताबा कर्जदाराकडेच ठेवून तारण दिलेला, असणार आणि आर. सी. पुस्तकावर तसा बोजा नोंदलेला असणार. असा बोजा असताना, संस्थेने ना-हरकत दिल्याखेरीज वाहन दुसऱ्याच्या नावावर रीतसर चढत नाही. तेव्हा टेम्पो विकला गेला तो कसा, याची चौकशी परिवहन कार्यालयात आणि संस्थेत लेखी करावी. आपल्या संमतीवाचून संस्थेने हे तारण सोडून दिले असेल, तर त्या तारणाच्या किमतीपुरते आपण कलम १४१ नुसार जबाबदारीतून मुक्त होता. कर्जाच्या अटी आपल्याला न विचारता बदलल्या असतील तर कलम १३३ चा आधार मिळू शकतो. परंतु छापील जामीनपत्रांत अशा बदलांना आगाऊ संमती दिल्याचा मजकूर अनेकदा असतो, म्हणून सही केलेल्या कागदाची प्रत आधी मागवून शांतपणे वाचावी.

आता घरातील वादाकडे येतो. पत्नीने गळ घातली असेल; बहिणीचा संसार उभा राहावा असे तिला वाटणे स्वाभाविक होते. पण संस्थेने पगाराचा दाखला घेतला तो आपला, आणि कर्ज मंजूर करताना टेम्पोच्या धंद्यापेक्षा दरमहा ठरल्या तारखेला होणाऱ्या त्या पगाराकडेच तिने पाहिले असण्याचा संभव अधिक आहे. साडूंची आधीची देणी किती, टेम्पोला नियमित काम मिळणार कोठून, हे आपण सहीपूर्वी विचारल्याचे पत्रात कोठेही नाही. नोकरदारांच्या पतसंस्थांमध्ये ‘तू माझ्या कर्जाला, मी तुझ्या’ अशी जामिनकीची देवाणघेवाण इतकी सरावाची झाली आहे, की चौकशी करणे हाच उद्धटपणा वाटू लागतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तरीही दिवसभर मुलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे शिकवू शकणाऱ्या माणसाने “औपचारिकता आहे असे सांगितले” ही सबब पुढे करणे मला दुबळे वाटते. पत्नीला इतकेच सांगावे, की तू आग्रह केलास पण होकार मी दिला. आणि तिनेही “नाही म्हणायचे होते” असे म्हणताना आपला आग्रह विसरू नये. एवढे दोघांनी मान्य केले, तर नोटिशीला उत्तर काय द्यायचे यावर तरी एकत्र बसता येईल.

ते उत्तर मुदतीत आणि लेखीच द्यावे. संस्था उद्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या आदेशासाठी, सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज करील, तर त्या सुनावणीला स्वतः हजर राहून तारणाचा मुद्दा तेथेच मांडावा. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्धच्या पुनरीक्षण अर्जासाठी येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि दाखल्यावरून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते. पगारकपातीबाबत, आपण याच अधिनियमाच्या कलम ४९ खालील, पगारातून कपातीस मान्यता देणाऱ्या संमतिपत्रावर सही केली होती का, हे तपासावे. केली असेल तर ती कपात रोखणे अवघड आहे. खातेउतारा मागवून व्याज आणि दंडव्याज वेगळे पाहावे, दंडव्याजात सवलत मागावी, आणि दुसऱ्या जामीनदारालाही या बोलण्यात बसवावे.

भरावे लागले, तरी साडू सुटत नाहीत. जामीनदाराने कर्ज फेडले की करार अधिनियमाच्या कलम १४० नुसार धनकोचे हक्क त्याच्याकडे येतात, आणि कलम १४५ नुसार रास्तपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मिळवण्याचा त्याला अधिकार असतो. सहजामीनदारांचा वाटा, वेगळे ठरलेले नसल्यास, समसमान असतो. या दोन्ही दाव्यांची मुदत तीन वर्षांची असून, साडूंविरुद्धची मुदत आपण संस्थेला पैसे दिल्यापासून, तर त्या मित्राविरुद्धची आपण स्वतःच्या वाट्याहून अधिक भरल्यापासून मोजली जाते. म्हणून प्रत्येक पावती जपावी आणि शेवटी संस्थेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे उरले नसल्याचे पत्र, घ्यावा. मेहुणीचे घर आहे म्हणून दावा करायचा की नाही, हे आपण उभयतांनी ठरवावे. मी आपल्या जागी असतो तर निदान साडूंकडून परतफेडीचे लेखी कबुलीपत्र आणि हप्त्यांच्या तारखा तरी घेतल्याच असत्या.

मुलाच्या कर्जाविषयी: बँक सहकर्जदाराचा पतइतिहास पाहते, आणि जामीनदार म्हणून घेतलेले दायित्व त्यात नोंदलेले असू शकते. पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो आताच मागवावा. थकबाकीची नोंद दिसली, तर बँकेने विचारण्याची वाट न पाहता नोटीस, आपले उत्तर आणि भरण्याच्या पावत्या अर्जासोबतच जोडाव्यात.