‘नॉस्टॅल्जिया’ला स्मरणरंजन म्हणावे का? डेट्रॉइटच्या जुन्या गाण्यांच्या निमित्ताने

एका अनुवादक बाईंनी विचारले आहे: ‘अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या सत्तरी-ऐंशीतल्या कृष्णवर्णीय मंडळींवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. ही मंडळी जुने सोल आणि गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत आणि त्यांच्या चर्चमधली भक्तिगीते, ऐकतात, पाडल्या गेलेल्या आपल्या वस्तीविषयी बोलतात, आणि आजची मुले, शाळा, रेडिओ यांची काळजीही करतात. लेखात नॉस्टॅल्जिया हा शब्द आठ वेळा आला आहे. मी सगळीकडे “स्मरणरंजन” लिहिले, पण वाचताना खटकते. “ओल्ड स्कूल”चे काय करावे? आणि “ब्लॅक बॉटम” या वस्तीच्या नावाचे भाषांतर मी “काळा तळ” असे केले आहे, ते चालेल का?’

तुम्हाला खटकते ते बरोबरच खटकते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मराठीत आयते आहे आणि बाकीच्या उत्तरांची वाट तिथूनच जाते.

ब्लॅक बॉटम हे नाव लोकांच्या रंगावरून पडलेले नाही. अठराव्या शतकात तिथे शेती करणाऱ्या फ्रेंच वसाहतवाल्यांनी ते जमिनीवरून दिले. सखल भाग, काळी सुपीक माती. इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे नदीकाठची खोलगट, गाळाची जमीन. कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेकडून मोठ्या संख्येने तिथे आली ती पुढे, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. म्हणून ‘काळा तळ’ नको. आपल्याकडे अशा जमिनीला नुसते ‘काळी’ म्हणतात. शेतकरी ‘काळी आई’ म्हणतो. गावगाड्यात काळी आणि पांढरी अशी जोडीच आहे: पिकते ती काळी, माणसे राहतात ती पांढरी. अनुवादात ‘ब्लॅक बॉटम’ हे नाव तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा, की हे नाव काळ्या मातीचे आहे, सखल काळीचे. मराठी वाचकाला तेवढे पुरेल. त्या काळीची पांढरी झाली, आणि मग पांढरीही राहिली नाही. तुमच्या लेखातली माणसे बोलत आहेत ती त्या पांढरीविषयी.

आता नॉस्टॅल्जिया. हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीकमधले ‘नोस्टोस’, म्हणजे घरी परतणे, आणि ‘अल्गोस’, म्हणजे दुखणे, हे दोन शब्द त्याने जोडले. परमुलखात राहणारे स्विस तरुण घराच्या आठवणीने खंगत, त्या आजाराला त्याला नाव हवे होते. म्हणजे या शब्दात घर आहे आणि दुखणे आहे. ‘स्मरणरंजना’त यातले एकही नाही. तिथे स्मरण आहे आणि रंजन आहे. दिवाळी अंकात वाड्यातले बालपण, अंगणातले प्राजक्त, रेडिओ सिलोन अशा गोष्टी आल्या की त्यांना तो शब्द शोभतो. शिवाय मराठी समीक्षेत तो बरेचदा ठपका ठेवायलाच वापरतात: ‘हे निव्वळ स्मरणरंजन आहे.’ ऐंशी वर्षांच्या बाई आपल्या पाडलेल्या घराविषयी बोलत असताना त्यावर तो शिक्का मारला, तर अनुवादकाने त्यांचे म्हणणे आधीच निकालात काढल्यासारखे होते.

‘गतकातरता’ हा दुसरा शब्द सुचवला जातो. तो जवळचा आहे. कातर आवाज म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, कातरवेळ तर रोज येते. पण ‘गत’ हा शब्द सगळा भर काळावर टाकतो, आणि इथली गोष्ट काळाइतकीच जागेची आहे. ती नीट बघितल्याशिवाय शब्द निवडू नये असे मला वाटते.

ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून उत्तरेला पॅराडाइज व्हॅली. दोन्हींमधून जाणारा मुख्य रस्ता हेस्टिंग्स स्ट्रीट. दुकाने, खाणावळी, औषधवाले, क्लब, चर्च, सगळे त्यावर. या रस्त्यावर ३५३० क्रमांकाला जो वॉन बॅटल यांचे रेकॉर्डचे दुकान होते आणि त्याच दुकानात ते ध्वनिमुद्रणही करत. जवळच न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च. तिथले पाळक सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने ते ध्वनिमुद्रित करून विकत. १९५६ मध्ये त्यांनी पाळकांच्या चौदा वर्षांच्या मुलीचे गाणे चर्चमध्येच ध्वनिमुद्रित केले. ती मुलगी म्हणजे पुढे सोलची विख्यात गायिका झालेली अरीथा फ्रँकलिन. पियानोही तीच वाजवते आहे. हे ध्वनिमुद्रण मिळवून एकदा हेडफोन लावून ऐकाच. तिच्या आवाजाइतकाच मागचा आवाज ऐका. ती एक ओळ घेते आणि बाकांवरून हुंकार येतो, कोणी मोठ्याने दाद देते, कोणी नुसतेच ‘होय’ म्हणते. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी जसे उचलतात, तसे ते लोक तिला उचलून धरतात. ही दाद देणारी माणसे म्हणजेच ती वस्ती. गाणे ऐकताना तुमच्या लेखातल्या बाईंच्या कानावर अरीथाच्या जोडीने शेजारपाजारही येत असणार.

१९४९ चा गृहनिर्माण कायदा आणि १९५६ चा महामार्ग कायदा यांच्या पैशांवर अमेरिकेतल्या शहरांनी ‘अर्बन रिन्यूअल’ आरंभले. शहराचे नूतनीकरण. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मधल्या एका मुलाखतीत या शब्दाचे खरे भाषांतर करून दाखवले: याचा अर्थ ‘निग्रो रिमूव्हल’, म्हणजे निग्रोंना हटवणे. एक सरकारी शब्द बाजूला सारून त्याच तालात दुसरा ठेवला आणि सगळे उघडे पडले. शब्दांविषयी आस्था असलेल्या माणसाला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने पाडले गेले. मग हेस्टिंग्स स्ट्रीट गेला आणि त्याच्या जागेवरून क्रायस्लर फ्रीवे हा द्रुतगती महामार्ग निघाला. न्यू बेथेल १९६३ मध्ये लिनवुड अव्हेन्यूवर नव्या जागी सुरू झाले. वॉन बॅटल यांनी दुकान बाराव्या रस्त्यावर हलवले आणि जुलै १९६७ च्या कृष्णवर्णीयांच्या उठावात तेही गेले. मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी तेवढी टिकली होती. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ती सुरू केली होती, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या साध्या घरात. १९७२ मध्ये तीही लॉस एंजेलिसला निघून गेली.

हे सगळे डोळ्यांपुढे ठेवले की ‘रंजन’ हा शब्द हातातून गळून पडतो.

‘जुने ते सोने’ हीसुद्धा इथे चालणारी म्हण नाही. ही वस्ती इतकी दाट होती, कारण शहरात इतरत्र कृष्णवर्णीयांना घरे मिळतच नसत. घरांच्या खरेदीखतांतच तशी अट असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत बजावून घ्यायला मनाई केली. त्या निकालात डेट्रॉइटच्या एका कुटुंबाचाही खटला होता. १९४३ च्या वांशिक दंगलीत या शहरात ३४ माणसे मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय होती. लेखातल्या वृद्धांना हे माहीत आहे, त्यांच्या घरात घडलेले आहे. त्यांना परत हवी आहे ती ओसरीवरची ये-जा, नावानिशी ओळखणारा दुकानदार, हाताला धरून चर्चमध्ये गायला उभे करणारी शेजारीण. कोंडी त्यांना परत नको आहे. म्हणून अनुवादात ‘सुवर्णकाळ’ असा शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. इंग्रजीतही तो नसेल, असे मला वाटते.

मग काय लिहावे? माझे मत स्पष्ट आहे: आठही जागी एकच नाम लिहू नका. मराठी ही अशा वेळी क्रियापदांनी बोलणारी भाषा आहे. आपल्याला आठवण ‘येते’, जीव ‘ओढ घेतो’, हुरहूर ‘लागते’, रुखरुख ‘राहते’, गळा ‘दाटतो’, ‘गलबलून येते’. यांतले प्रत्येक वेगळे आहे. हुरहूर अस्पष्ट असते, तिला नेमके कारण द्यावे लागत नाही. रुखरुखीला कारण असते, काहीतरी करायचे राहून गेलेले असते. ओढीला ठिकाण लागते, ती कशाची तरी किंवा कुठची तरी असते. माहेरच्या ओव्यांत हीच ओढ आहे, आणि होफरच्या शब्दातले ‘घरी परतणे’ मराठीत सर्वांत जवळून तिच्यातच येते. गाण्याबद्दल लिहिताना हुरहूर, वस्तीबद्दल लिहिताना ओढ, आणि मुलांना वाद्य शिकवणारे कोणी उरले नाही असे जिथे म्हटले आहे तिथे रुखरुख. शीर्षकासाठी नामच हवे असेल तर ‘मोडलेल्या घराची ओढ’ असे काही बघा. ‘स्मरणरंजन’ एका जागी राहू द्या, जिथे त्या आजोबांनी नातवापुढे नाचून दाखवल्याचा उल्लेख आहे. तिथे खरोखरच रंजन आहे.

‘ओल्ड स्कूल’ला मराठीत फार छान शब्द आहे: जुन्या वळणाचे. जुन्या वळणाची गाणी, जुन्या वळणाची माणसे. ‘वळण’ म्हणजे रीत, आणि ‘वळण लावणे’ म्हणजे संस्कार करणे. मोटाऊनच्या संदर्भात हा शब्द अक्षरशः लागू पडतो. १९६४ पासून तिथे मॅक्सीन पॉवेल या बाई नेमलेल्या होत्या. उभे कसे राहावे, बसावे कसे, मोटारीतून उतरावे कसे, मुलाखतीत बोलावे कसे, हे त्या पंधरा-वीस वर्षांच्या गायक-गायिकांना शिकवत. तुम्हाला बकिंगहॅम पॅलेसात किंवा व्हाइट हाउसमध्ये गाता आले पाहिजे, असे त्या सांगत. लेखातली मंडळी आजच्या गाण्यांविषयी कुरकुरतात त्यात हा आब हरवल्याचे दुःख मोठे आहे. त्या कुरकुरीशी मी पूर्ण सहमत नाही, प्रत्येक पिढीचे गाणे तिच्यापुढच्या अडचणींतून येते. पण अनुवादात त्यांचा मुद्दा पोहोचला पाहिजे, आणि ‘वळण’ तो पोहोचवते.

एका जागी मात्र ‘स्कूल’ म्हणजे शाळाच आहे, तिथे चुकू नका. डेट्रॉइटच्या कॅस टेक हायस्कूलचा संगीत विभाग नावाजलेला होता. बासवादक रॉन कार्टर आणि ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्ड तिथलेच. सरकारी शाळेत फुकट वाद्य मिळत होते आणि शिकवणारा मिळत होता. लेखातली काळजी या गोष्टीची आहे.

लेखातले एक गृहस्थ शिकागोचे आहेत आणि ते ‘डस्टीज’ म्हणतात. हा तिकडच्या रेडिओचा शब्द. हर्ब केंट या निवेदकाने तो रुजवला, २०१६ मध्ये ते वारले तोवर ते रेडिओवर होते. डस्टीज म्हणजे धूळ बसलेल्या जुन्या तबकड्या. ‘धूळ खात पडलेली गाणी’ असे लिहू नका, मराठीत त्याचा अर्थ कोणी न विचारलेली असा होतो. इथे उलट आहे, कोणीतरी धूळ पुसून ती पुन्हा लावली आहे. ‘डस्टीज’ ठेवा आणि ‘धूळ झटकून लावलेली जुनी गाणी’ असे जोडून द्या. केंट यांचे पूर्वीचे स्टेशन डब्ल्यूव्हीओएन. १९६३ मध्ये सुरू झाले तेव्हा त्या अक्षरांचा अर्थ ‘व्हॉइस ऑफ द निग्रो’ होता, पुढे अक्षरे तीच राहिली आणि ‘व्हॉइस ऑफ द नेशन’ झाले. अशा स्टेशनवर गाण्यांच्या मध्ये कुठे सभा आहे, कोणाचे मूल हरवले आहे, हेही कळे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशने घ्यावीत यावरची मर्यादा काढली आणि अनेक छोटी स्टेशने मोठ्यांनी घेऊन टाकली. ‘रेडिओ आता आमच्याशी बोलत नाही’ हे लेखातले वाक्य त्या अर्थाने घ्या.

‘निग्रो’ हा शब्द जुन्या नावांत आणि अवतरणांत तसाच ठेवावा, तुमच्या स्वतःच्या वाक्यात नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली तेव्हा तो रूढ शब्द होता, आज तो बोचतो. ‘कृष्णवर्णीय’ ठीक आहे, थोडे पुस्तकी आहे इतकेच. ‘सोल’ला आत्मा वगैरे काही करू नका. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेला ‘पँथर’ हा शब्द भाषांतर न करताच ठेवला, आणि तो मराठी झाला. काही शब्दांना त्यांचे वजन घेऊनच येऊ द्यावे.

तसाच आणखी एक शब्द तुमच्या मजकुरात आहे: ‘होमगोइंग’. तुम्ही ‘अंत्यविधी’ लिहिले आहे. माहिती म्हणून ते बरोबर आहे, पण कृष्णवर्णीय चर्चमध्ये मरणाला घरी जाणे म्हणतात, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये डेट्रॉइटने अरीथा फ्रँकलिनला निरोप दिला तो याच नावाने. ‘निजधामास जाणे’ हा आपला जुना प्रयोग इथे चपखल बसतो. होफरच्या शब्दातले घर इथेही आहे.

शेवटी, ज्या वाक्यावर तुम्ही सर्वांत जास्त अडल्या आहात: ‘फ्रीवेवरून जाताना त्या नॉस्टॅल्जिक होतात.’ तिथे ‘त्यांना गलबलून येते’ असे लिहा. आणि ‘फ्रीवेवरून’ नको, ‘फ्रीवेतून’ करा. तो रस्ता खंदकासारखा खोल खणलेला आहे. त्यांची गाडी जाते ती जुन्या हेस्टिंग्स स्ट्रीटच्या पातळीच्या खालून.